खुशालीची वही

दोनशे पानी, एकेरी रेघांची, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली ही वही आमच्या वहिनींनी दवाखान्यासमोरच्या दुकानातून घेतली ती हिशेब लिहायला. पहिल्या पानावर 'श्री' आहे आणि त्याखाली रिक्षा, चहा, कापूस, बँडेज यांचे पैसे. दुसऱ्या पानापासून हिशेब बदलतो. 'गळ्याची बाटली ९० मिली. ताप नाही. दोन वेळा उठून बसले.' तिसऱ्या पानावर दुसरं अक्षर येतं. वाकडं, ओळ सोडून खाली घसरणारं. ते आप्पांचं, माझ्या थोरल्या भावाचं. श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेली होती, बोलता येत नव्हतं. वहिनी तोंडी विचारायच्या आणि आप्पा वहीत लिहायचे. त्यामुळे पानंच्या पानं नुसती उत्तरांची आहेत, प्रश्न कुठेच नाहीत. 'उशी वर.' 'नको.' 'दुखत नाही, ओढतंय.' 'कापूस विकला का?' 'कितीनं?' 'बैल विकायचे नाहीत.'

ती वही पुढे जशीच्या तशी छापली आहे. छापायला परवानगी देताना वहिनींनी एकच अट घातली: नावं गाळा, आकडे गाळू नका.

आप्पा पांझरेकाठच्या एका गावात कापूस आणि बाजरी पिकवतात. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा वय ५४. तंबाखू-चुना हातावर मळायची सवय तीसएक वर्षांची. डाव्या गालाच्या आत आधी पांढरा चट्टा होता, मग त्याची जखम झाली. 'दात लागतो' म्हणत चार महिने गेले. या चार महिन्यांत आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिचा अर्थ आम्हां शिकलेल्यांनाही लागला नाही. भाकरीचा घास ते आधीपेक्षा लहान मोडायला लागले होते. तोंड आखडत चाललं होतं. मी जळगावला शिक्षक आहे, दिवाळीत शेजारी बसून जेवलो, आणि मला ते दिसलं नाही.

आमच्या भागात कॅन्सरची बातमी दोनच तऱ्हांनी येते. एक म्हणजे 'ऑपरेशन सक्सेस झालं'. दुसरी सगळ्यांना माहीत आहे. 'सक्सेस' हा शब्द आता खेड्यापाड्यात इतका रुळला आहे की तो कानावर पडला की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. पूर्वी पोस्टकार्डावर 'इकडील सर्व क्षेम, आपली खुशाली कळवावी' असं लिहीत. खुशाली म्हणजे सगळं बरं असल्याची बातमी. बरं नसेल तर कळवायचं काय, याला त्या कार्डावर जागाच नव्हती. मी रोज संध्याकाळी जळगावहून फोन करायचो. 'आते कसं शे?' पलीकडून उत्तर, 'बरं शे.' तीन आठवडे मी हे ऐकलं आणि समाधानानं झोपलो. त्याच तीन आठवड्यांत वजन ६१ वरून ५६ वर आलं होतं. वहीत ते तारखेसह लिहिलेलं आहे. मला कुणी फसवलं नव्हतं. मी विचारत होतो तो प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर देता येत नाही.

ऑपरेशननंतरचं वर्ष कसं असतं, हे सांगणारं मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. आजार कळण्याचा धक्का आणि बरं झाल्याचा आनंद यांवर लिहिलं जातं. मधलं वर्ष मात्र नळ्या, वाट्या, मिली आणि बोटांच्या मापात जातं. ही वही त्या वर्षाची आहे, आणि ती एका घराची असली तरी खानदेशातल्या पुष्कळ घरांची आहे असं मला वाटतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे २४.४ टक्के लोक धूर न काढता तंबाखू घेणारे निघाले. म्हणजे जवळजवळ चारातला एक. गुटख्यावर राज्यानं जुलै २०१२ मध्ये बंदी घातली, पण हातावर मळायची तंबाखू आणि बायकांच्या दाताला लागणारी मिश्री घराघरांत तशीच राहिली.

त्याच महिन्यात, २ जुलै २०१२ रोजी, राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत धुळे होतं. जळगावात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या महाराष्ट्राबरोबर आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. या योजनेचे उपकार मोठे आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कॅन्सरचं ऑपरेशन होऊ शकतं, ही गोष्ट माझ्या वडिलांच्या पिढीला खरी वाटली नसती. पण योजना दवाखान्याच्या दारापर्यंत असते. जाण्यायेण्याचं बहुतेक भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेला हंगाम, रजा हे सगळं घरच्या खिशातून जातं. रेल्वेनं उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला शयनयानात पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबत्याला पाऊण. हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं, तेही गाडीतल्या एका प्रवाशाकडून. म्हणून इथे लिहून ठेवतो.

खानदेशातला माणूस कॅन्सर म्हटलं की 'टाटा' म्हणतो. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. जळगावहून मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. रात्री बसलं की पहाटे दादर. तिथे हिंदमाताजवळच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब थोर. स्वयंपाकाची भांडी घेऊन आलेली, नाकात नळी असलेल्या माणसाला जिना चढवणारी, एकमेकांच्या फायली वाचणारी तिथली माणसं भेटल्यावर आपण एकटे नाही हे कळतं. वहिनींना नळीतून खाऊ घालायची खरी रीत तिथल्याच एका बाईनं शिकवली.

आता ऑपरेशनबद्दल थोडं, कारण वही त्याच्यापुढून सुरू होते. आमच्याकडे याला 'कमांडो' म्हणतात. गालातली गाठ, तिच्याबरोबर जबड्याच्या हाडाचा भाग आणि मानेतल्या रसग्रंथी एकाच वेळी काढतात. गालाला पडलेलं भगदाड भरायला छातीवरचं मांस आणि कातडं, त्याची रक्तवाहिनी न तोडता, गळ्याच्या कातडीखालून वर आणून शिवतात. छातीवरून मांस आणायची ही पद्धत १९७९ पासूनची. सकाळी आत नेलेले आप्पा दिवेलागणीला बाहेर आले. चेहरा इतका सुजला होता की पुतण्यानं ओळखलं नाही.

गावातल्या एका जाणत्या माणसानं मला विचारलं होतं, 'गालात गाठ होती, मग मान कशाला चिरली? मानेत तर काही हाताला लागत नव्हतं.' प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर टाटा रुग्णालयातच शोधलं गेलं आहे. मानेत गाठ हाताला लागत नसतानाही ग्रंथी आधीच काढलेले रुग्ण आणि गाठ दिसल्यावर काढलेले रुग्ण, अशी तुलना तिथल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केली. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हा फरक शंभरात बारा-तेरा माणसांचा आहे. परळच्या त्या गर्दीतून निघालेलं हे उत्तर आता जगभर मानलं जातं. आप्पांची मान त्या हिशेबानं उघडली गेली. खांदाही त्याच हिशेबात गेला.

खांद्याचं असं की ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का बसतो. नस शाबूत ठेवली तरी ती महिनोन् महिने रुसून बसते. डावा हात खांद्याच्या वर जाईना. दोरीवर धोतर टाकता येईना, बैलाच्या मानेवर जू ठेवता येईना. व्यायाम साधा होता. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं आणि जिथे थांबेल तिथे खूण करायची. ओसरीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत, प्रत्येकीशेजारी तारीख. लहान मुलाची उंची मोजतात तशा. सर्वात वरची रेघ सातव्या महिन्यातली आहे. दिवाळीला रंग देताना वहिनींनी तेवढी भिंत सोडायला लावली.

वहीतली सर्वाधिक पानं खाण्याची आहेत. नाकातून पोटात गेलेल्या नळीतून दर दोन तासांनी २०० मिली. दूध, मुगाचं कढण, गाळलेलं वरण, दुधात केळं फिरवून पातळ करून वस्त्रगाळ केलेलं. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. खाऊ घालताना आणि पुढे अर्धा तास बसवून ठेवायचं, नाहीतर अन्न श्वासाच्या वाटेनं जातं. हे वाचायला कंटाळवाणं वाटेल. पण एका पानावर रात्री अडीच वाजताची नोंद आहे, पुढे साडेचारची, पुढे साडेसहाची, आणि तिन्ही नोंदी एकाच हातच्या आहेत. ते पान मी अनेकदा उघडून बसलो आहे. वही रुग्णाची आहे असं आपण म्हणतो. ती जागणाऱ्याचीही असते. त्या महिन्यांत वहिनींचं स्वतःचं वजनही उतरलं, पण किती ते वहीत नाही, कारण त्यांना कुणी काट्यावर उभंच केलं नाही.

नळी निघाल्यावर घास सुरू झाला तो मऊ भातानं. खानदेशी जेवणातलं बहुतेक सगळं बंद होतं. कळण्याची भाकरी कडक, शेवभाजी जहाल, ठेच्याचं नावही नको. वहिनींनी भरताची वांगी नेहमीसारखी काट्यांवर भाजली, हिरवी मिरची न घालता नुसतं दही आणि मीठ घालून घोटली. आप्पांनी ते खाल्लं आणि वहीत लिहिलं, 'वास बरोबर.' तेव्हा त्यांना बोलता येत होतं. तरी त्यांनी लिहिलं.

तोंड किती उघडतं हे बोटांनी मोजतात. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावली तर ठीक. आप्पांचं सुरुवातीला एक मावत होतं. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दोन-चार दिवसांनी एक वाढवायची, दिवसातून पाच-सहा वेळा. व्यायाम दुखतो, म्हणून माणसं सोडतात. शेक, म्हणजे किरणोपचार, घेतल्यानंतर जबड्याचे स्नायू आणखी आखडतात, आणि तेव्हा सोडलेलं तोंड पुन्हा उघडायला फार जड जातं. या वहीतली एकच गोष्ट कुणी उचलली तर ती काड्यांची उचलावी, असं मी कळकळीनं सांगतो.

काही गोष्टी कुणी आधी सांगत नाही, कदाचित संकोचानं. छातीवरचं कातडं गालात बसवलं की पुरुषाच्या तोंडात केस उगवतात. आप्पांना जिभेला ते लागले तेव्हा त्यांना वाटलं आजार परत आला. दोन रात्री ते झोपले नाहीत, आणि कुणाला बोललेही नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीत एक ओळ आहे, 'आत केस आहेत. का?' डॉक्टरांनी सांगितलं, यात भिण्यासारखं काही नाही, शेक सुरू झाला की बहुतेक गळतात. दोन ओळींची ही माहिती आधी मिळाली असती तर दोन रात्री वाचल्या असत्या. तसंच मानेच्या कातडीचं. ती बधिर होते. दाढी करताना गावच्या नाभिकाचा वस्तरा लागला, रक्त सदऱ्यावर आलं तेव्हा कळलं. त्यानंतर मशीनच वापरायचं ठरलं.

ऑपरेशननंतर दोनेक आठवड्यांनी पक्का रिपोर्ट येतो. काढलेल्या भागाच्या कडा निरोगी आहेत का, किती ग्रंथींत आजार सापडला, हे त्यात असतं, आणि पुढे शेक लागणार का ते त्यावर ठरतं. लागणार असेल तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असा प्रयत्न असतो. 'सक्सेस' शब्द इथेच घात करतो. जखम भरली, माणूस चालू-फिरू लागला, आता पुन्हा कशाला? आमच्या ओळखीतली दोन घरं इथेच थांबली. त्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही.

आप्पांना शेकाच्या ३० बैठका सांगितल्या होत्या, आठवड्यातून पाच. नाशिकला एका भाच्याकडे राहून घ्यायच्या. सतराव्या बैठकीनंतर आखाजी आली. खानदेशात आखाजी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. आप्पांची लेक लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला येणार होती. शनिवार-रविवारची सुट्टी धरून दोन दिवस म्हणून ते गावी आले. तोंडात फोड होते, जिभेची चव गेली होती, आमरस जिभेला नुसता झोंबला. सोमवारी ते म्हणाले, आता बास. मंगळवारीही तेच. भाऊबंदांनीही मान डोलावली, एवढं सोसलंय, राहू द्या. मीही त्यांत होतो, हे मला सांगितलंच पाहिजे.

बुधवारच्या पानावर वहिनींच्या अक्षरात इतकंच आहे: 'सकाळी ६ ची एसटी. १८ वी बैठक.' लेकीनं झोका सोडला आणि ती वडिलांसोबत नाशिकला गेली. खंड पडला की उरलेल्या वाईट पेशींना वाढायला सवड मिळते, म्हणूनच या बैठका एकामागोमाग एक घ्याव्या लागतात. हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं. वहिनींना ते तेव्हाच माहीत होतं. धर्मशाळेतल्या बाईनं सांगितलं होतं.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. शेकलेली मान उन्हात होरपळते. मऊ सुती रुमाल, सावली, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या कातडीला काहीही न लावणं. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र काहीतरी लावायला सांगून जायचा. कुणी हळद, कुणी भस्म, कुणी कसला तरी रस. भेटायला येणाऱ्यांचं प्रेम खरं असतं. पण त्यांतले काही ओट्यावर बसून, आप्पांसमोरच, बोलता बोलता तंबाखू मळायचे. एकीनं वहिनींना हळूच सांगितलं की ताट-वाटी वेगळी ठेव. कॅन्सर उष्ट्यानं, स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. गाठीचा तुकडा तपासायला काढला की आजार पसरतो हेही खरं नाही, आणि त्या भीतीनं आप्पांचे जे दिवस गेले ते परत आले नाहीत.

या आजाराबद्दल मोठ्या माणसानं उघड बोलण्यानं किती फरक पडतो ते मी पाहिलं आहे. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ मध्ये झालं. त्यानंतर तोंड उघडणं, गिळणं, बोलणं किती अवघड गेलं हे त्यांनी स्वतः जाहीर सभांत सांगितलं आहे, आणि व्यसनाचा पस्तावाही. आप्पांनी त्यांना कधी मत दिलं की नाही मला ठाऊक नाही. पण टीव्हीवर त्यांचं भाषण लागलं की आवाज मोठा करून, त्यांचे ओठ कसे हलतात ते बघत बसायचे. मग आरशासमोर जाऊन 'प', 'ब', 'म' म्हणायचे. ओठ मिटून निघणारी ही अक्षरं त्यांना सर्वात जड जात.

आज ऑपरेशनला पावणेदोन वर्षं झाली. तोंड अडीच बोटं उघडतं. वजन ६० आहे. आवाज जाड आहे, पण फोनवर कळतो. लाळ सुटते म्हणून रुमाल हातात असतो. लग्नाच्या पंगतीत अजून बसत नाहीत, घरी जेवून जातात. आजार उलटण्याची भीती पहिल्या दोन वर्षांत सर्वात जास्त, त्यामुळे तपासणीची तारीख चुकवत नाहीत. मानेला शेक दिल्यामुळे थायरॉइड मंदावू शकतं, ते रक्त तपासून पाहतात. शेकलेल्या जबड्यातला दात डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपटायचा नाही, कारण तिथलं हाड भरून येईलच असं नसतं. हे वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत आहे. तंबाखू बंद आहे. ओट्यावर आता कुणी मळायला लागलं तर आप्पा त्याला काही बोलत नाहीत, उठून आत जातात.

मी अजून रोज संध्याकाळी फोन करतो. आता विचारतो, आज वजन किती, काड्या किती, काय खाल्लं, रात्री झोप किती वेळा मोडली. वहिनींनाही तेच विचारतो, काड्या सोडून.

या पुस्तकाची शेवटची चाळीस पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत, रकाने आखून: तारीख, वजन, तोंड किती बोटं, नळीतून किंवा तोंडानं काय आणि किती, पुढची तपासणी कधी. शेवटचा रकाना सोबतच्या माणसाच्या वजनाचा आहे. तुमच्या घरी कुणी असेल तर आजपासून भरायला लागा. पेन्सिलीनं लिहिलं तरी चालेल.